पहिल्या तारखेची मालकीण

— तेच तर मघापासून सांगतेय ना तुम्हाला, मालकीण मीच. तुमच्या कागदावर ‘नोकरी देणाऱ्याचं नाव’ म्हणून जे छापलंय ते माझं, आणि ‘नोकरीचं ठिकाण’ म्हणून जो पत्ता आहे तो ह्याच घराचा. कंपनी? कसली कंपनी हो! ही बाहेरची खोली, ते स्वयंपाकघर, आत एक झोपायची खोली, आणि त्या खोलीत भिंतीतलं कपाट. कपाटात कर्मचारी. — हसताय काय, खरंच कपाटात आहे ती, काम चाललंय तिचं. बसा ना, असे उभे राहिलात की मला वाटतं वीज तोडायला आलात. आणि जरा हळू बोला. म्हणजे तसं तुम्ही बोलतच नाही आहात, मीच बोलतेय, पण माझा आवाजच असा. जन्मभर काचेपलीकडच्या माणसांशी बोलले ना! पाण्याच्या कचेरीत बिलं घ्यायच्या खिडकीवर रोखपाल होते मी. काचेला एवढंसं भोक, आणि पलीकडे रांगेत तासभर तापलेली माणसं, नळाला पाणी येत नाही म्हणून माझ्यावर ओरडणारी, जसा काही नळ मीच पिळून बंद केलाय. तिथं हळू बोलून चालायचं नाही. तेव्हा बँकेला काय पाहिजे ते विचारा, सगळं सांगते, फक्त घसा खाकरू नका मोठ्यांदा. परवा शेजारच्यांनी भिंतीत खिळा ठोकला तर तिला सगळं पहिल्यापासून बोलावं लागलं.

कपाटात का, म्हणजे? आवाज विकते ती. हो, आवाज. मलाही आधी पटलं नव्हतं की हे विकलं जातं, आमच्या कचेरीत तर सगळे फुकट ओरडायचे. तुम्ही कुठल्या मोठ्या इमारतीत लिफ्टनं गेला असाल ना, ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणारी बाई — ती आमची. गादीच्या जाहिरातीत शेवटी ‘आता झोप येईलच’ म्हणते ती पण आमचीच. आणि संडास साफ करायच्या त्या निळ्या औषधाची जाहिरात ऐकलीत का कधी? इतक्या मायेनं बोलते की वाटतं संडास नव्हे, बाळ धुतंय कुणी. घरात माझ्याशी त्याच्या निम्म्या मायेनं बोलली तरी मला पुरे. तर त्याला लागते शांतता. बाहेर जाऊन काम करायचं तर त्या खोलीचं भाडं तासावर, आणि कपाट फुकट. आत लोकरीचे कपडे, रजया, उशा, आणि मधोमध आमच्या चिरंजीवांचा लग्नातला कोट. जाडजूड, अस्तराचा. आवाज असा गिळतो की बस. केवढे पैसे घातले होते त्या कोटावर, मी नको नको म्हणत होते. लग्न मोडलं, पण कोट बघा कसा कामाला आला.

हो, तेच, चिरंजीव म्हणजे माझा मुलगा. तिचा नवरा. होता. — थांबा, लिहू नका इतक्यात, तुमच्या त्या रकान्यात ‘नातं’ लिहायचंय ना, ते जरा अवघड आहे. लिहा सासू. पण कायद्यानं आता तीही नाही. माजी सासू म्हणतात का हो? मंत्री माजी होतो, सासूचं काय होतं कुणाला ठाऊक. आमच्या चिरंजीवांची नोकरी कायम, पगार ठरलेला, निवृत्तिवेतन, रजा, सगळं नियमित — माणूस तेवढा अनियमित निघाला. एक दिवस म्हणाला, आई, मी वेगळा राहणार आहे, माझं कुणावर तरी प्रेम आहे. मी म्हटलं, बरोबर आहे, तू घरी असतोस कुठं आमच्यावर करायला. मग सामान बांधलं, गाडी आली, आणि म्हणाला, चल आई. मी ह्या इथं बसले होते, भाजी निवडत. उठलेच नाही. कुणी मला विचारलंही नाही, कुणाकडे राहणार. मी उठले नाही एवढंच. रात्री तिनं विचारलं, अहो आई, तुमचं पांघरूण कुठल्या खोलीत घालू? झालं, एवढ्यावर आमचा करार. तेव्हापासून दोघीच. भांडतो, पण आपापल्या वेळेला.

तर पगार. येतेच हो पगारावर, तुम्हाला घाई असेल. हे बघा, हिचं काम म्हणजे कसं, आलं तर धो धो, नाही तर ठणठणाट. काम होतं आज, पैसे येतात तीन महिन्यांनी, तेही आठवण केली तर. फोन करायचा तर म्हणे, हिशेबाच्या बाई रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात केला तर म्हणे, बिल परत पाठवा. मग बिलावर सही नाही. मग सही आहे पण शाई निळी आहे. मी खिडकीवर असताना लोकांना असंच फिरवायचे, हे खरंय, पण निदान ते पैसे भरायला यायचे हो, मागायला नाही! पहिलं वर्ष तर डोळ्यांनी बघवेना म्हणून मी दाराकडे तोंड करून बसायची. लठ्ठ महिना आला की बाई उधळायच्या. एकदा कॉफीचं यंत्र आणलं — चार बटणं, वाफ, शिट्टी, आणि कॉफी एवढीशी, बाहुलीच्या कपात. मला म्हणाली, आई, आता बाहेरची कॉफी नको, बचत! आणि पुढचा महिना रोडका. रोडका म्हणजे इतका, की यंत्र आहे पण आत घालायला कॉफी नाही. त्या यंत्रात मी गरम पाणी करून प्यायले आठवडाभर. मग रात्ररात्र जागायची ही, छताकडे बघत. मी म्हटलं, अगं गादीवाल्यांची बाई तूच ना, ‘आता झोप येईलच’ म्हणणारी?

तेव्हा मी ठरवलं. तिला समोर बसवलं आणि म्हटलं, माझ्या उभ्या आयुष्यात मला पैसा माहीत आहे तो पहिल्या तारखेचा. बाकीच्या तारखांना येतं त्याला मी पैसा म्हणत नाही, हवामान म्हणते. तेव्हा असं करायचं — बिलावर खातं माझं टाकायचं, जे काय येईल ते माझ्याकडे, आणि पहिल्या तारखेला मी तुला पगार देणार. ठरलेला. बारा महिने सारखा. मागं काय काय आलं त्याची सरासरी काढली, आणि आकडा ठरवला त्याहून बराच खाली, म्हणजे लठ्ठ महिन्याचं साचेल आणि रोडक्याला कामाला येईल. ती म्हणाली, अहो आई, मी काय लहान आहे? मी म्हटलं, नाहीस, म्हणून तर पगार म्हणतेय, खाऊचे पैसे म्हणत नाहीये. आणि मग तिनंच एक अट घातली. मला सांगायचं नाही, किती आले आणि किती साचले. कळलं की मी एक तर उधळते नाही तर जागते. मला फक्त पहिली तारीख पाहिजे. — बघा, शहाणी आहे की नाही? स्वतःला इतकं ओळखणारी माणसं थोडी असतात. मी तर अजून ओळखत नाही मला.

आणि जमलं हो! काय जमलं! पहिल्या तारखेला सकाळी तिच्या फोनला टुंग वाजायचं आणि ही कपाटातून ओरडायची, आला! जसा काही कुणी अनोळखी साहेब देतोय. हळूहळू मग नोकरीत असतात ती सगळी थेरं सुरू झाली. घसा बसला की आजारपणाची रजा. उचल पाहिजे तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कारण सांगायचं, आणि मी कांदा चिरता चिरता म्हणणार, बघते. एकदा तर पगारवाढ मागितली. मुलांच्या एका सिनेमात म्हाताऱ्या कासविणीचा आवाज दिला होता, त्याचे बरे पैसे आले असणार असा तिचा अंदाज. मी म्हटलं, एका कासविणीवर पगार वाढत नसतो. मग दोन दिवस संप. संप म्हणजे काय, तिनं भांडी घासली नाहीत. मीही घासली नाहीत, मालकीण भांडी घासते का कुठं! तिसऱ्या दिवशी चहाला कप उरला नाही तेव्हा वाटाघाटी झाल्या. थोडी वाढ दिली. पुढं तो सिनेमा बघितला तर काय — ती कासवीण हुबेहूब माझ्यासारखी बोलते! तीच चिरक, तोच ‘काय हो’. म्हणजे आवाज माझा, पैसे तिचे, आणि वरून वाढही मीच दिली. नोकर असावा तर असा.

आता तुमच्या बँकेचा गोंधळ कुठं झाला ते सांगते. त्या फोनमधून पैसे पाठवताना एक चौकोन येतो ना, ‘कारण’ म्हणून? रिकामा ठेवला तर पुढं जातच नाही. मला काय सुचणार? मी टाकलं, पगार. पहिल्या वेळी गंमत म्हणून, आणि मग दर महिन्याला तेच, जरा ऐटीतच. पहिली तारीख, तीच रक्कम, पगार, पगार, पगार. ही गेली कर्जाला अर्ज करायला, सांगितलं स्वतःचं काम आहे म्हणून, पण तुमच्या यंत्रानं खातं उघडून बघितलं आणि म्हणालं, छे, ही तर पगारदार! कुणाची? तर ह्या बाईंची. बाई कोण? तर सत्तरी उलटलेल्या, निवृत्त. मग तुमच्यातल्या कुणा हुशारानं अक्कल लढवली आणि लिहून टाकलं, ‘घरकाम मदतनीस’. — तेच ना लिहिलंय तिथं? मला उलटं दिसतंय तरी वाचता येतं, खिडकीवरची सवय. मदतनीस! हिला घरकामाला ठेवायचं म्हणजे माझंच दिवाळं निघेल. परवा दूध तापायला ठेवलं आणि कपाटात जाऊन ‘आगीपासून सावध कसं राहावं’ ह्याचे धडे वाचत बसली. पातेलं अजून काळं आहे, दाखवू?

बरं, बरं. मुद्द्याचं. ही जागा भाड्याची. मालक म्हणतो मला विकायचीय, आधी तुम्हाला विचारतो, घेता का? नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे आणि तुम्ही सामान हलवा. भला माणूस आहे तसा, मुदत दिलीय. तिनं पगारातून बाजूला टाकलेलं थोडं आहे पहिल्या रकमेला, बाकी तुमचं कर्ज. मिळालं तर घर, नाही मिळालं तर रस्ता — इतकं सरळ आहे सगळं. आणि आम्हाला भाड्यानं कोण देतंय परत? एक बाई दिवसभर कपाटात, आणि दुसरी तिची कुणीच नाही. तिला एकटीला कुठंतरी एखादी खोली मिळेलही, मी नाही म्हणत नाही, पण मग मला चिरंजीवांकडे. चिरंजीव आनंदानं नेतील, तो प्रश्न नाही. मला तिथं सगळं मिळेल. वेळेवर जेवण, मऊ खुर्ची, ‘आई, औषध घेतलंस का’. पण भांडायला कोण? पगार कुणाला देऊ? — आणि तिचं म्हणाल तर, जन्मात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर काहीतरी होणार आहे. माहेरी होतं ते भावाचं, इथं होतं ते नवऱ्याचं. गेले पंधरा दिवस रोज एक भिंत रंगवतेय मनात. काल तर मला विचारलं, आई, मालकीणबाई, दिवाणखान्याला पिवळा चालेल का? म्हणजे आता मालकीण ती होणार आणि मी भाडेकरू, असं चाललंय आमचं.

तुम्ही घड्याळ काय बघताय सारखं? अजून कुठं जायचंय का? — किती ठिकाणी? आणि ते सगळं आज? असं का, जेवढ्या खेपा तेवढेच पैसे? म्हणजे तुम्ही बँकेचे नाही? बँकेच्या वतीनं जाणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे — आणि त्या कंपनीतही पगार नाही? खेपेवर? घरात माणूस सापडला नाही तर? अर्धे! अहो, म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच की! कमाल झाली. ज्याला स्वतःला माहीत नाही पुढच्या महिन्यात किती मिळणार, त्याला पाठवलंय बँकेनं, दुसऱ्याची मिळकत कायम आहे का ते बघायला! बघा, हसलात. मघापासून पहिल्यांदा हसलात. बायको काय म्हणते? — काय म्हणणार, तीही जागत असेल. एक सांगू? तुमच्या खेपांचे पैसे माझ्याकडे आणून टाका. पहिल्या तारखेला पगार घेऊन जा. थट्टा नाही करत, एक कर्मचारी काय आणि दोन काय. फक्त कपाट एकच आहे.

पण एक ध्यानात ठेवा, ह्यात मालकिणीची छाती लागते. सोपं नाहीये ते. लठ्ठ-रोडका, लठ्ठ-रोडका असं आलटून पालटून चाललं तर कुणीही चालवील, पण रोडक्यामागं रोडका, त्यामागं परत रोडका आला की? गेल्या वर्षी हिचा घसा गेला. साफ. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पाटी घेऊन फिरायची घरभर, आणि मी एकटीच बोलतेय, म्हणजे तसा फारसा फरक नाही पडला. त्यातच लिफ्टवाल्यांनी कळवलं की आता यंत्रच बोलणार, बाई नको. आवाज बरा होईपर्यंत कामं कुठली यायला! लोक विसरतात हो, दोन वेळा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा विचारत नाहीत. साचलेलं संपलं. मी रोज बघायची, आज काही आलं का, आज काही आलं का. आणि पहिली तारीख तर काय, कुणासाठी थांबते थोडीच. सकाळी ही उठून फोन उशाशी घेऊन पडलेली, पाटीवर लिहिलं होतं, ‘आई, ह्या वेळी निघेल का पगार?’ अक्षर असं बारीक. मी म्हटलं, न निघायला काय झालं, मालकीण मेली की काय? आणि स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या पेन्शनीतून पाठवून दिला. टुंग. तिनं टाळ्या वाजवल्या, आवाज नव्हता ना.

मग पुढच्या महिन्याला पण. मग पेन्शन पुरेना तर ठेव मोडली. त्यात काय, ठेव कशाला असते, मोडायलाच ना. पण तिला संशय येऊ नये म्हणून मी एक ठोकून दिलं — आणि इथं माझी अक्कल गेली चरायला. गादीवाल्यांकडे हिचं एक जुनं बिल अडकलं होतं, खरोखरच अडकलेलं. मी म्हटलं, अगं, गादीवाल्यांचे आले बघ सगळे! इतकी खूश झाली, इतकी खूश झाली, की बसून त्यांना पत्र लिहिलं. आभाराचं. तुमचे पैसे अगदी वेळेवर पोचले, माझ्या आजारपणात केवढा आधार झाला, वगैरे. आणि तिकडून त्या हिशेबाच्या बाई, ज्या सदा रजेवर असायच्या, त्या नेमक्या त्या दिवशी हजर! उलट टपाली उत्तर — आपली रक्कम पोचल्याचं वाचून आनंद झाला, आपला व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद केली आहे. संपलं! देणारे मोकळे. तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं ना, मिळाले म्हणून. आता मी कुठल्या तोंडानं मागू? मागितले तर हिला कळणार. म्हणजे खरे पैसे बुडाले ते बुडाले, आणि खोटे मीच भरतेय. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून हसले त्या दिवशी. हसले म्हणजे, हसलेच असं नाही.

आता? आता येतंय की काम. घसा सुधारलाय, कालच आगीचे धडे झाले, आज काहीतरी शाम्पूचं आहे. येतंय. पूर्वीएवढं नाही येत, पण येतंय. ह्या महिन्याचा पगार निम्मा तर तिच्या कमाईतूनच निघाला. निम्म्याला थोडा कमी. बाकीचा —

तुम्ही लिहायचे थांबलात.

काय बोलले मी एवढ्यात? — सगळंच बोलले. अहो, हे तुमच्यासाठी नव्हतं. म्हणजे तुमच्यासाठी होतं, त्या कागदासाठी नव्हतं. खिडकीवर होते तेव्हा एक चकार शब्द जास्त बोलायची नाही मी, पावती, सुटे, पुढचा. घरी बसल्यापासून जिभेला हाडच राहिलं नाही. आता काय करणार तुम्ही? तिला विचारणार? तिला नका विचारू, तिला ह्यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं ती उभी आहे. स्वतःच्या पायावर, आवाजावर, कशावर म्हणतात त्यावर. एवढं एकच तर वाटतंय तिला गेल्या सहा वर्षांत, ते काढून घेऊ नका.

— काय म्हणालात? परत म्हणा. ‘पगार नियमित, जागेवर जाऊन खात्री केली’ असं लिहून टाकता? आणि पुढं कुणी विचारत नाही? अहो, देवमाणूस आहात! मला वाटलं नव्हतं, तुमचा चेहरा तसा कोरडा आहे. काही चूक नाही त्यात, पगार नियमित आहेच की, एक पहिली तारीख चुकलेली नाही, कुणाच्या का खिशातून येईना. लिहा, लिहा. चहा टाकते. बिस्किटं आहेत, थोडी मऊ पडलीयत, चहात बुडवून खा. बघा, कसं सोपं होतं, उगाच मी घाबरले. तिला सांगते, मिळालं म्हणून. पिवळा रंग देऊ दे, काय द्यायचा तो. हप्ता पगारातून जाईल, पगार मी देईन. हप्ता किती वर्षं म्हणालात? — असू द्या, सहज विचारतेय.

वीस.

वीस वर्षं, दर महिन्याला. — नाही, काही नाही, लिहा तुम्ही. वीस म्हणजे मी... मी कुठला अमरपट्टा घेऊन आलेय. बरं, थांबा जरा. पेन खाली ठेवा. ठेवा म्हटलं ना.

मी गेले की पेन्शन बंद. ठेव म्हणाल तर त्यातलं उरलंय काय ते माझं मला माहीत आहे. आणि पहिली तारीख येईल. येणारच. ही कपाटातून बाहेर येईल, घसा शेकेल, फोन बघेल. टुंग नाही. तिला वाटेल, आई गेल्या, आता पाठवायला कुणी नाही म्हणून नाही आला. आता आपली आपण पाठवू. आणि मग जाऊन माझ्या खात्यात बघेल तर काय दिसणार तिला? की बराच काळ पगार नव्हताच. मीच होते. आणि तुमचा हप्ता मात्र हजर, घराचा गळफास तिच्या गळ्यात, आणि तो मी घातलेला, मायेनं. अगदी संडासाच्या औषधासारख्या मायेनं. — तुम्ही दिलंत हो घर, पण माझ्या जिवावर दिलंत की. मी जिवंत आहे तोवर तिचं.

खोडा ते. खोडा, माझ्यासमोर. आणि लिहा, पगार नाही. काम मिळेल तसे पैसे येतात. मधे आजारपणात आटले होते, आता परत येतायत, हळू. तेव्हा जे कमी पडलं ते सासूनं भरलं. माजी लिहायचं असेल तर माजी लिहा, मला काय त्याचं. नामंजूर होईल? होऊ दे. का कमी मिळेल? किती कमी? — अर्धं तर अर्धं. अर्ध्यात जे काय बसेल ते घेऊ, गावाबाहेर घेऊ, एका खोलीचं घेऊ. भिंतीतलं कपाट नसेल तर मी रजई धरून उभी राहीन तिच्या डोक्यावर, माझे हात काही दुखत नाहीत. पण तिला झेपेल तेवढंच. तिला, मला धरून नाही. असं काय बघताय? तुमची खेप फुकट नाही जाणार, मी घरी सापडले ना तुम्हाला? मग पुरे पैसे मिळतील.

आता हा कागद बँकेत पोचायच्या आत तिला कळलं पाहिजे, आणि माझ्याकडून. काय सांगू पण? सुरुवात कुठनं करू? गादीपासून करू का पेन्शनीपासून? गादीपासून केली तर निदान ती —

आलीस? अगं, मला कळलंच नाही दार कधी उघडलंस. झालं शाम्पूचं? एका दमात? वा! ... हो, हे बँकेचे. हो, तेच, घराचं. झालं त्यांचं विचारून. नाही, अजून काही ठरलं नाही. अगं, बस आधी. बस म्हटलं ना. पाणी घे. आणि अशी हसू नकोस, तू हसलीस की मला सुचत नाही. — तुम्ही अजून बसलात होय? उठा हो. चहा राहू दे आता, पुढच्या खेपेला या आणि घ्या. पुढच्या घरी माणूस निघून जाईल तुमचा. ही आमची आतली बैठक आहे, कामगार आणि मालकीण, त्यात बाहेरच्याला बसू देत नाहीत. कागद घेतलात ना? या मग.